घेरी येते बाबांना, मग बाहुली का मोजली?

प्रश्न : माझे वडील 72 वर्षांचे. देवगडजवळ आमची हापूसची कलमं आहेत. त्यांना 16 वर्षं मधुमेह आहे. पहाटे अंथरुणातून उठले की घेरी येते; एकदा न्हाणीघरात पडलेही. खळ्यातून माजघरात शिरले की बराच वेळ चाचपडतात. कोल्हापूरला नेलं, तर डॉक्टरांनी काळोख्या खोलीत बसवून डोळ्यांवर उजेड मारला, कॅमेऱ्याने बाहुल्या मोजल्या आणि ‘अंधारात बाहुली पुरेशी मोठी होत नाही’ म्हणाले. मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचंय. पण घेरी येणाऱ्या माणसाची बाहुली मोजून काय कळतं?
— एक वाचक, देवगड

उत्तर : पैसे उगाच गेले का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्राच्या सुरात ते आहे. नाही गेले.

बाहुली म्हणजे नुसतं भोक. ते लहानमोठं करणारे स्नायू दोन. एक गोल, बटव्याच्या नाडीसारखा आवळणारा. त्याचा ताबा परानुकंपी नसांकडे, म्हणजे विसाव्याच्या वेळी शरीर आपोआप सांभाळणाऱ्या नसांकडे. दुसरा बाहेर ओढणारा. तो अनुकंपी, म्हणजे धावपळीच्या वेळी शरीर आपोआप सज्ज करणाऱ्या नसांच्या हुकमातला. या अनुकंपी नसेची वाट मोठी गमतीची आहे. मेंदूतून निघते, कण्यातून छातीच्या वरच्या भागापर्यंत खाली उतरते, फुप्फुसाच्या शेंड्यावरून वळसा घेते आणि मानेतल्या मोठ्या धमनीला बिलगून पुन्हा वर डोळ्यात जाते. देवगडहून मालवणला कोल्हापूरमार्गे जावं तसं! म्हणून फुप्फुसाच्या शेंड्यावरची गाठसुद्धा कधीकधी पापणी किंचित खाली येऊन आणि बाहुली लहान होऊन कळते. स्विस नेत्रवैद्य हॉर्नर यांनी हे लक्षण 1869 साली नोंदवलं, त्यांचंच नाव त्याला आहे.

आपण उभे राहिलो की पायांतल्या रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब सांभाळतात त्याही अनुकंपी नसाच. मधुमेहात या बारीक नसा हळूहळू झिजतात. पायांतल्या नसा उघड्यावर पाहता येत नाहीत; डोळ्यातली करामत मात्र काचेआडून दिसते.

माझ्या नोकरीची पहिली वर्षं टॉर्चवर गेली. मोहोरावर फवारणी चालू असताना एका गड्याला रात्री उचलून आणला होता. घामाने चिंब, तोंडाला लाळ, बाहुल्या मोहरीएवढ्या. औषध पोटात गेलं होतं की अंगावर सांडलं होतं, कोणी धड सांगेना. विषबाधा आहे हे बाहुल्यांनी सांगितलं, आणि ॲट्रोपिनचा उतारा सुरू केला. धोतरा खाल्लेल्या पोराचं नेमकं उलटं, बाहुली डोळाभर. इतका ढळढळीत फरक टॉर्चला दिसतो. तुमच्या बाबांचा दिसला नसता. उजेड पडल्यावर बाहुली हलायला सुमारे पाव सेकंद लागतो, तो माझ्या डोळ्यांनी काय मोजणार? यंत्र डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत चित्रण करतं : हलायला किती उशीर, किती आवळली, किती वेगाने, आणि परत मोठी व्हायला किती वेळ. आवळणं मुख्यतः परानुकंपी नसांचं काम, परतण्यात अनुकंपी नसांचा मोठा हात. बाबांचं अडतंय ते इथे.

पण एवढ्यावर शिक्का मारू नका. वयानेही बाहुली लहान होते, तेव्हा तुलना त्यांच्या वयाच्या माणसांशीच हवी. आणि एक गोष्ट पत्रात नाही : बाबा लघवीसाठी, प्रोस्टेटची टॅमसुलोसिन गोळी घेतात का? सत्तरीतले बरेच जण घेतात, आणि गोळ्यांची यादी सांगताना नेमकी तीच विसरतात, किंवा मुलीसमोर सांगत नाहीत. ती गोळी बाहुली मोठी होऊ देत नाही, उठताना घेरीही आणते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये तिच्यामुळे बुबुळाचा पडदा लुळा पडून फडफडतो. घेत असतील तर कोल्हापूरच्या डॉक्टरांना आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना, दोघांनाही सांगा. मनाने बंद करू नका. बंद करूनही तो पडदा लगेच ताठ होत नाही.

रक्तदाब आडवं असताना आणि उभं राहिल्यावर 3 मिनिटांच्या आत, असा दोनदा घेतला होता का? वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर घेरीचं कारण तिथे आहे. नसेल घेतला, तर गावातल्या दवाखान्यातही होईल. खोल श्वास घेताना नाडी किती कमीजास्त होते, तेही इसीजीवर पाहायला सांगा. तोवर पहाटे खाटेच्या कडेवर पाय सोडून दोन मिनिटं बसवा, मगच उठू द्या.

आणि माजघरात मोठा दिवा लावा. 3 मिलिमीटरच्या बाहुलीतून 6 मिलिमीटरच्या मानाने चौथाईच उजेड आत जातो, त्यात मोतीबिंदू. वीजबिलावरून बाबा कुरकुरतील, कुरकुरू द्या.