‘माझे गणित पहिल्यापासून कच्चे आहे’ या वाक्याची तपासणी

पतसंस्थेच्या कर्ज विभागात जाण्याची संधी दोनदा आली असता ‘माझे गणित पहिल्यापासून कच्चे आहे’ असे सांगून तुम्ही ती नाकारली, आणि आता वयाच्या ४२ व्या वर्षी तिसऱ्यांदा विचारणा झाली आहे. हे वाक्य खरोखरीची मर्यादा सांगते की तो स्वतःविषयी करून घेतलेला समज आहे, हे कसे ओळखावे आणि समज असेल तर तो कसा दूर करावा, असा तुमचा प्रश्न आहे. मी मुंबईतील एका रात्रशाळेत २४ वर्षे गणित शिकवले. दिवसभर हमाली, धुणीभांडी किंवा हॉटेलातील काम करून संध्याकाळी बाकावर येऊन बसणाऱ्या माणसांच्या तोंडून हेच वाक्य, बहुधा याच शब्दांत, मी इतक्या वेळा ऐकले आहे की उत्तर थोडे लांबले तरी तुम्ही सांभाळून घ्याल अशी आशा आहे.

रोज सकाळी आरशासमोर उभे राहून ‘मी गणितात हुशार आहे’ असे म्हणावे, हा सल्ला तुम्हाला आधी मिळाला आहे. तो चांगल्या हेतूने दिलेला असला तरी मला मान्य नाही. २००९ मध्ये कॅनडातील मानसशास्त्रज्ञांनी अशा वाक्यांचा परिणाम तपासला, तेव्हा ज्यांचे स्वतःविषयीचे मत मुळात बरे होते त्यांना किंचित लाभ झाला. मात्र ज्यांना स्वतःविषयी फारसे चांगले वाटत नव्हते, म्हणजे ज्यांना त्या वाक्यांची खरी गरज होती, त्यांना ती म्हटल्यावर अधिकच वाईट वाटले. मला याचे नवल वाटत नाही. तोंड एक बोलत असताना मन जुने प्रगतिपुस्तक उघडून बसलेले असते. तुमचा समज खोटा आहे असे मी म्हणणारच नाही. तो एक निष्कर्ष आहे. कधीतरी, कोणत्या तरी खऱ्या प्रसंगांवरून, बहुधा फार थोड्या प्रसंगांवरून तुम्ही तो काढला आणि पुन्हा तपासला नाही. म्हणून तो पुसून टाकण्याच्या खटपटीत न पडता त्याची कागदपत्रे मागवावीत, हे बरे.

पहिले कागदपत्र म्हणजे तारीख. ‘पहिल्यापासून’ या शब्दाकडे नीट पाहा. ‘आमच्या घरात कुणालाच’ आणि ‘माझा स्वभावच तसा’ हे त्याचेच भाऊबंद आहेत. अशा शब्दांना वेळ नसते, ठिकाण नसते, अटही नसते, आणि त्यामुळे त्यांना खोडून काढता येत नाही. एक संध्याकाळ काढून कागदावर लिहा की गणित न जमल्याचा तुम्हाला आठवणारा सर्वांत जुना प्रसंग कोणता, तेव्हा तुम्ही कितवीत होता आणि नेमके काय अडले होते. माझ्या वर्गातील एका बाईंनी, वय ३९, असे लिहिताना पेन खाली ठेवले आणि म्हणाल्या की सहावीत कावीळ झाल्यामुळे त्या दोन महिने शाळेत गेल्या नव्हत्या, आणि परत गेल्या तेव्हा अपूर्णांक संपून गेले होते. २७ वर्षे ज्याला त्या बुद्धीचा दोष म्हणत होत्या, ती दोन महिन्यांची गैरहजेरी होती. सगळ्यांना असा स्वच्छ धागा सापडत नाही, हेही खरे आहे. तरीही ‘मला गणित येत नाही’ याऐवजी ‘माझे अपूर्णांक राहिले आहेत’ असे वाक्य हाती आले, तर त्यावर काहीतरी करता येते.

दोष आपला नसून मांडणीचाही असू शकतो, हे आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही. मराठी संख्यानामेच घ्या. आपण ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी उच्चारतो आणि लिहिताना सहा आधी लिहितो. ‘एकोणसाठ’ म्हणताना साठाचे नाव घेऊन ५९ लिहितो. ‘एकोणनव्वद’ चालते, पण ‘एकोणशंभर’ चालत नाही, तिथे ‘नव्याण्णव’ येते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’ अशा धर्तीचे वाचन जोडीला दिले गेले, तेव्हा गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागची हीच अडचण समजावून सांगितली होती आणि त्यावरून महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला, हे अनेकांना आठवत असेल. त्या वादात मला आता शिरायचे नाही, पण फळ्यावर ६३ च्या जागी ३६ लिहिणाऱ्या मुलाच्या पाठीत धपाटा बसतो आणि त्याच दिवशी त्याचे ‘कच्चे’ असे नामकरण होते, हे मी पाहिले आहे.

एका मुलाच्या बाबतीत तर मीही तेच केले. तो दिवसा भाजीची गाडी लावत असे. फळ्यावर ३६ गुणिले १.७५ लिहून दिले की तो मान खाली घालून उभा राहायचा, आणि मी वहीत त्याच्या नावापुढे खूण केली होती. पुढे एकदा त्याच्याच गाडीवर ३६ रुपये किलोची पावणेदोन किलो वांगी घेतली, तेव्हा काटा स्थिर होण्याआधी त्याने ‘त्रेसष्ट’ म्हणून सांगितले. कसे काढले विचारले तर म्हणाला, ‘बहात्तरातून पाव किलोचे नऊ काढले, सर.’ ज्यांच्या आजोबांनी पाऊणकी, सवायकी आणि औटकी, म्हणजे पाऊण, सव्वा आणि साडेतीनचे पाढे, पाठ केले असतील त्यांना यात विशेष काही वाटणार नाही. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर वस्तू विकणाऱ्या ५ मुलांचा असाच एक अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. गिऱ्हाईक म्हणून विचारलेल्या हिशेबांची त्यांची ९८ टक्के उत्तरे बरोबर आली, आणि तेच हिशेब कागदावर शाळेच्या पद्धतीने मांडून दिल्यावर जेमतेम ३७ टक्के. मुले पाचच होती, हे लक्षात ठेवावे. तरीही माझ्या वहीतील ती खूण मला त्यानंतर फार बोचली. तुम्ही भिशीचा हिशेब ठेवत असाल, सोन्याची घडणावळ टक्क्यांत काढून सराफाशी घासाघीस करत असाल, तर त्याला तुम्ही गणित म्हणता का? बहुतेक नाही. ‘ते काय, ते तर कुणालाही येते’ असेच म्हणत असाल. समज टिकून राहतो तो असाच: त्याच्या विरोधातील पुरावा आपण पुरावा म्हणून नोंदवतच नाही.

दुसरे कागदपत्र अधिक अवघड जाईल. या समजामुळे तुमचे काय वाचते, ते लिहा. कर्ज विभागात वसुलीसाठी फोन करावे लागतात, ओळखीच्या माणसाला नकार द्यावा लागतो, लेखापरीक्षणात सहीची जबाबदारी येते. यांतील एखाद्या गोष्टीची भीती गणिताच्या आड उभी नाही ना, हे पाहणे आवश्यक आहे, कारण तसे असेल तर गणित शिकूनही पाऊल पुढे पडणार नाही. वसुलीचे काम नको वाटणे यात काहीही गैर नाही. तसे असेल तर तेच कारण सांगून नकार द्यावा, गणिताला मध्ये ओढू नये.

आता समज दूर करण्याकडे वळतो. घटना, तिच्याविषयीची आपली धारणा आणि त्या धारणेचा परिणाम अशी साखळी मांडणारी विवेकनिष्ठ उपचारपद्धती अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास उभी केली, ठाण्यातील मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या संस्थेने ती मराठीत पुष्कळ पोहोचवली आहे. स्वतः एलिस यांनी सांगितलेली हकिकत अशी की वयाच्या १९ व्या वर्षी त्यांना मुलींशी बोलण्याची विलक्षण भीती वाटत असे, म्हणून न्यूयॉर्कच्या एका वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जाऊन बाकावर बसलेल्या १३० स्त्रियांशी त्यांनी संभाषण सुरू करण्याचा प्रयत्न केला. त्यांपैकी ३० उठून गेल्या, १०० जणींशी बोलणे झाले, एकीने पुन्हा भेटण्याचे कबूल केले आणि ती आलीच नाही. यश म्हणावे तर शून्य, पण भीती गेली, कारण ज्या अनर्थाच्या कल्पनेने ते थिजत होते तो १३० वेळा घडला नाही. आजच्या दृष्टीने अनोळखी स्त्रियांना असे गाठणे मला प्रशस्त वाटत नाही. घ्यायची ती त्यातील रीत. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये आत्मविश्वासाचे स्रोत मांडले, त्यांतही स्वतः करून पाहिलेले काम सर्वांत प्रभावी ठरवले आहे. इतरांचे प्रोत्साहन त्याच्या बरेच मागे येते.

रॉजर बॅनिस्टर यांनी ६ मे १९५४ रोजी ४ मिनिटांच्या आत मैल धावून जगाचा समज मोडला आणि मग धावपटूंची रीघ लागली, ही गोष्ट अशा चर्चांत हमखास येते. रीघ वगैरे लागली नाही. त्या वर्षात ती मर्यादा ओलांडणारे आणखी एकटे जॉन लँडी होते. बॅनिस्टर महिनोन्‌महिने पाव मैलाच्या दहा धावा, मध्ये दोन मिनिटांची विश्रांती घेऊन, काढत होते, आणि गाडी ६१ सेकंदांवर अडली तेव्हा काही दिवस सराव सोडून स्कॉटलंडमध्ये डोंगर चढायला गेले. परतल्यावर ५९ सेकंद जमले. मला या हकिकतीत विश्वासापेक्षा ते पाव मैल अधिक महत्त्वाचे वाटतात.

तुमचा पाव मैल तुमच्या कार्यालयातच आहे. १,२०,००० रुपयांचे कर्ज, वार्षिक १२ टक्के दर, घटत्या शिलकेवर व्याज, १२ हप्ते, असे उदाहरण घ्या. महिन्याचा दर १ टक्का, म्हणजे पहिल्या महिन्याचे व्याज १,२०० रुपये. हप्ता १०,६६२ रुपयांचा असेल तर त्यातून व्याज वजा जाता ९,४६२ रुपये मुद्दलात गेले आणि १,१०,५३८ रुपये शिल्लक राहिले. पुढच्या महिन्याचे व्याज त्या शिलकेचा १ टक्का, म्हणजे १,१०५ रुपये ३८ पैसे. कर्ज विभागातील रोजच्या हिशेबाचा बराचसा भाग एवढ्याच पायरीची पुनरावृत्ती असतो आणि ती संगणक करतो. तुम्हाला ती समजून सभासदाला सांगता आली म्हणजे झाले. गावाकडे ‘शेकडा दीड रुपया महिना’ म्हणतात ते वार्षिक १८ टक्के होतात, हे तुम्हाला ठाऊक असेल तर तुम्ही या रस्त्याने आधीच चालून आला आहात.

हे करताना एक शिस्त मात्र पाळा. उदाहरण सोडवण्याआधी कागदाच्या कोपऱ्यात लिहा की दहापैकी किती बरोबर येतील असे वाटते, आणि नंतर शेजारी प्रत्यक्ष आकडा लिहा. आधी लिहिले नाही तर मन मागाहून ‘ते सोपेच होते’ म्हणून मोकळे होते. आकडे पाहताच घसा कोरडा पडत असेल तर तेही लिहा. धास्ती असताना मनातल्या मनात आकडे धरून ठेवण्याची जागाच व्यापली जाते, म्हणून सुरुवातीला तोंडी हिशेब टाळून सगळे कागदावर करावे.

काही मर्यादा खऱ्या असतात. दोन संख्यांतील मोठी कोणती हे चटकन न कळणे, काट्यांचे घड्याळ वाचताना आणि सुटे पैसे मोजताना लहानपणापासून आजतागायत गोंधळ उडणे, असे असेल तर ते डिस्कॅल्क्युलियाचे, म्हणजे आकडे समजण्यातील मुळातल्या अडचणीचे, लक्षण असू शकते. त्याची तपासणी मानसशास्त्रज्ञाकडून करून घ्यावी आणि ती झाल्यावरही गणकयंत्राच्या मदतीने पुष्कळ कामे होतात. ‘मला काहीच जमत नाही’ असे गणितापलीकडे सगळ्याच बाबतींत वाटू लागले असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर माझे हे उत्तर बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना भेटावे.

तिसऱ्या विचारणेला लगेच हो किंवा नाही म्हणू नका. पंधरा दिवस मागून घ्या. कर्ज विभागातील सहकाऱ्याला विचारून पूर्ण फेडलेल्या तीन जुन्या कर्जखात्यांचे हप्त्यांचे तक्ते सभासदांची नावे झाकून मिळतात का पाहा. व्याजाच्या रकान्यावर पट्टी ठेवा आणि पहिले सहा महिने स्वतः काढा. ज्या ओळीवर हात अडेल ती ओळ, आपला कच्चा हिशेब जसाच्या तसा ठेवून, इथे लिहा. तिथून पुढचे आपण मिळून पाहू.