लिंडसे अँडरसन: सहा चित्रपटांच्या मधली वर्षं

निवासी शाळेतल्या पोरांच्या बंडाचा 'इफ....' हा चित्रपट पाहून तुम्ही दोन प्रश्न विचारले आहेत. त्यासाठी कान चित्रपट महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळवणाऱ्या ब्रिटिश दिग्दर्शक लिंडसे अँडरसनच्या नावावर जेमतेम सहा कथापट कसे, मधली इतकी वर्षं त्याने वाया घालवली का, हा पहिला. आणि आता पुढे काय पाहू, हा दुसरा.

त्या वर्षांत तो नाटकं बसवत होता. माझ्या मते त्याचं सगळ्यात कसदार काम तिथेच झालं. पण नाटकाचा शेवटचा प्रयोग झाला की मागे उरतात ती छायाचित्रं आणि परीक्षणं. चित्रपटांच्या यादीत त्याला जागा नसते, म्हणून ती वर्षं तुम्हाला रिकामी दिसली. ब्रिटनमधल्या त्याच्या पिढीत रंगमंच आणि पडदा दोन्हीकडे वावरणारे बरेच होते. टोनी रिचर्डसन तर लगेच आठवतो. पण दोन्हीकडे एकाच माणसाचा हात ओळखू यावा, असं अँडरसनइतकं कुणाच्या बाबतीत मला जाणवलेलं नाही.

जन्म १९२३चा, बंगळूरचा. वडील ब्रिटिश लष्करात अधिकारी. शाळा इंग्लंडात, चेल्टनहॅम कॉलेजात. 'इफ....'चं बरंचसं चित्रीकरण याच शाळेत झालं आहे. दुसऱ्या महायुद्धात तो पुन्हा हिंदुस्थानात आला, दिल्लीला, शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या केंद्रात. १९४५मध्ये इंग्लंडात मजूर पक्ष निवडून आल्याची बातमी आली, तेव्हा त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या मेसच्या छपरावर लाल बावटा ठोकला. 'इफ....'च्या शेवटी ती पोरं छपरावर चढतात, तेव्हा मला हटकून हा प्रसंग आठवतो.

ऑक्सफर्डला असताना मित्रांबरोबर 'सीक्वेन्स' हे चित्रपटविषयक नियतकालिक, आणि मग थेट कामाला सुरुवात. उत्तर इंग्लंडातल्या वेकफील्डजवळच्या एका कारखान्याने, कोळशाच्या खाणीत लागणारे वाहक पट्टे बनवणाऱ्या, त्याच्याकडून १९४८मध्ये माहितीपट करून घेतला. तिथून पुढे त्याच भागात आणखी काही. वेकफील्ड हे नाव लक्षात ठेवा, ते परत येणार आहे. १९५४च्या 'थर्सडेज चिल्ड्रन' या कर्णबधिर मुलांच्या शाळेवरच्या लघुपटाला ऑस्कर मिळालं. तो त्याने गाय ब्रेंटनबरोबर केला होता.

१९५६च्या फेब्रुवारीत लंडनच्या नॅशनल फिल्म थिएटरमध्ये 'फ्री सिनेमा' या नावाने काही लघुपट एकत्र दाखवले गेले. ते करणारे होते कॅरेल राइस, टोनी रिचर्डसन, लोरेन्झा माझेट्टी आणि अँडरसन. त्यांच्या जाहीरनाम्यात एक वाक्य आहे की परिपूर्णता हे आमचं ध्येय नाही. हे वाक्य त्याने जन्मभर पाळलं असं म्हणवत नाही, कारण तालमीत तो फार काटेकोर होता. पण त्या लघुपटांचा सूर मात्र त्याने कधीच सोडला नाही. 'एव्हरी डे एक्सेप्ट ख्रिसमस' (१९५७) पाहा. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनचा भाजी आणि फुलांचा बाजार, मध्यरात्रीपासून सकाळपर्यंत, चाळीस मिनिटांत. ट्रक येतात, पेट्या उतरतात, हमाल डोक्यावर टोपल्या चढवतात, पहाटे चहाच्या टपरीत गर्दी होते. गोष्ट अशी काही नाहीच. पण एखादा माणूस फुलं रचून ठेवत असेल, तर ती पुरती रचून होईपर्यंत कॅमेरा त्याच्यापाशी थांबतो. कष्ट करणाऱ्या माणसाकडे दयेने न बघता, त्याच्या हातातल्या कसबाकडे बघायचं, ही अँडरसनची नजर. पुढची वीस वर्षं ती रंगमंचावर राहिली.

१९५७पासून तो रॉयल कोर्टमध्ये. लंडनच्या स्लोन स्क्वेअरमधलं हे साधारण ४०० खुर्च्यांचं छोटं नाट्यगृह. जॉर्ज डिव्हाइनने १९५६मध्ये इथे नव्या नाटककारांसाठी कंपनी उभी केली आणि ब्रिटिश रंगभूमीची दिशाच बदलली. अँडरसनने इथे १९५९मध्ये विलिस हॉलचं 'द लाँग अँड द शॉर्ट अँड द टॉल' बसवलं, त्यात पीटर ओटूल होता. त्याच वर्षी जॉन आर्डनचं 'सार्जंट मस्ग्रेव्ह्ज डान्स'. पुढच्या वर्षी वेस्ट एंडच्या केंब्रिज थिएटरमध्ये 'बिली लायर', त्यात आल्बर्ट फिनी. हाच फिनी पुढे 'इफ....'च्या निर्मितीसंस्थेचा भागीदार झाला. तेव्हा नाटकातले संबंध चित्रपटाच्या पैशापर्यंत कसे पोचले, हेही ध्यानात घ्या.

मग कादंबरीकार आणि नाटककार डेव्हिड स्टोरी. खाणकामगाराचा मुलगा, गाव वेकफील्ड. लंडनच्या चित्रकलेच्या शाळेत शिकत असताना लीड्सच्या संघातून पैसे घेऊन रग्बी खेळायचा. त्याच्या कादंबरीवरून १९६३मध्ये 'दिस स्पोर्टिंग लाइफ' आला, अँडरसनचा पहिला कथापट. रिचर्ड हॅरिसला कानमध्ये अभिनयाचं पारितोषिक मिळालं, तिकीटबारीवर मात्र चित्रपट पडला. वास्तववादी, काळपट, कामगारांच्या घरातल्या चित्रपटांची लाट तोवर ओसरत चालली होती. तुमचं पहिलं 'रिकामं' अंतर इथून सुरू होतं. या काळात त्याने शेक्सपिअरचं 'ज्युलियस सीझर' आणि चेखॉवचं 'चेरी ऑर्चर्ड' केलं, वॉर्सॉला जाऊन पोलिश नटांना घेऊन ब्रिटिश नाटककार जॉन ऑस्बर्नचं नाटक बसवलं, आणि पोट भरायला जाहिराती केल्या.

खरी कमाई १९६९नंतरची. 'इफ....'ला कानचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं त्याच वर्षी अँडरसन रॉयल कोर्टमध्ये स्टोरीची नाटकं एकामागून एक बसवत होता. 'इन सेलिब्रेशन', 'द कॉन्ट्रॅक्टर', मग 'होम' (१९७०), 'द चेंजिंग रूम' (१९७१), पुढे 'द फार्म' आणि 'लाइफ क्लास'. जगभरातून बोलावणी येतील अशा घडीला माणूस ४०० खुर्च्यांच्या नाट्यगृहात, एका नाटककाराबरोबर ठाण मांडून बसला. याला मी वाया घालवणं कधीच म्हणणार नाही.

त्यातल्या 'द कॉन्ट्रॅक्टर'बद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण दिग्दर्शक म्हणजे काय हे मला त्यातून कळलं. नाटकात घडतं काय? एका कंत्राटदाराच्या मुलीचं लग्न आहे, त्यासाठी त्याचीच माणसं हिरवळीवर मोठा तंबू उभारतात. तो सजवतात. लग्न होऊन गेल्यावर उतरवतात. लग्न रंगमंचावर दिसतच नाही. तंबू मात्र खराखुरा, दर प्रयोगाला प्रेक्षकांसमोर उभा राहणारा. खांब, दोर, कापडाचे पट्टे, आतलं अस्तर, जमिनीवरच्या फळ्या. स्टोरीने तरुणपणी हे काम स्वतः केलं होतं. आता दिग्दर्शकाच्या बाजूने विचार करा. एकमेकांची टर उडवणारे, मधूनच दुखरं काही बोलून जाणारे संवाद आणि हे अंगमेहनतीचं काम, दोन्ही एका लयीत चालायला हवं. वाक्य संपायच्या आत गाठ बसली तर नट रिकामा उभा राहतो. गाठ अडकली तर वाक्य लोंबकळतं. नटांना आधी तंबू उभारता आला पाहिजे आणि मग तो उभारताना अभिनय विसरता आला पाहिजे. कॉव्हेंट गार्डनच्या हमालांकडे ज्या धीराने कॅमेरा पाहत होता, तोच धीर इथे तालमीत उतरला आहे.

'होम' नेमकं उलट्या टोकाचं. एक टेबल, दोन खुर्च्या, जॉन गिलगुड आणि राल्फ रिचर्डसन. दोन म्हातारे हवापाण्याच्या, नातेवाइकांच्या अर्ध्यामुर्ध्या गप्पा मारतात, आणि हे मनोरुग्णालयाचं आवार आहे हे हळूहळू आपल्या लक्षात येतं. शेक्सपिअरमध्ये मुरलेल्या या दोन नटांना 'हं', 'अच्छा' एवढ्यावर ठेवायला दिग्दर्शकाकडे हिंमत लागते. नाटक लंडनच्या मोठ्या नाट्यगृहात आणि मग ब्रॉडवेवरही गेलं.

याचा चित्रपटांशी संबंध काय, तर नेपथ्यकार बघा. 'होम' आणि 'द चेंजिंग रूम'चं नेपथ्य जॉसलिन हर्बर्टचं, आणि 'इफ....' व 'ओ लकी मॅन!'चं कलादिग्दर्शनही तिचंच. नट बघा. 'ओ लकी मॅन!'मध्ये (१९७३) राल्फ रिचर्डसन, रेचल रॉबर्ट्स, आर्थर लोव, मोना वॉशबर्न हे सगळे एकाहून जास्त भूमिका करतात, आणि अॅलन प्राइस आपल्या वाद्यवृंदासह मध्येमध्ये येऊन गातो. नाटक कंपनीची ही पद्धत आहे, तीन तासांच्या चित्रपटात बेधडक वापरलेली. 'इफ....' मध्येच कृष्णधवल का होतो यावर लोक मोठमोठे अर्थ लावतात. मुळात शाळेच्या चॅपेलच्या, म्हणजे प्रार्थनागृहाच्या, मोठ्या काचांमधून येणाऱ्या उजेडात, हातातल्या पैशांत, रंग सारखा राखण्याची खात्री छायाचित्रकार मिरोस्लाव्ह ऑन्द्रिचेक देऊ शकत नव्हता. ती दृश्यं कृष्णधवल घेतली, अँडरसनला त्यांचा परिणाम आवडला, आणि मग त्याने मुद्दाम इतरत्रही तसंच केलं. अडचण आली की तिच्यातूनच मांडणी काढायची, ही सवय छोट्या नाट्यगृहात काम करणाऱ्याला लागतेच.

चित्रपटउद्योगाने त्याला बाजूला टाकलं का? काही अंशी हो. त्याचा 'ब्रिटानिया हॉस्पिटल' हा चित्रपट १९८२मध्ये, फॉकलंडचं युद्ध चालू असताना आला. देशाभिमानाच्या भरात असलेल्या लोकांना आपल्या देशाची इतकी कडवट चेष्टा नको होती, आणि तो जोरात आपटला. नंतर 'वॅम' या पॉप गायकांच्या जोडीच्या चीन दौऱ्यावर केलेला माहितीपट त्याच्या हातातून काढून घेतला गेला. शेवटचा कथापट 'द व्हेल्स ऑफ ऑगस्ट' (१९८७), अमेरिकेतल्या मेनच्या एका बेटावर, लिलियन गिश आणि बेटी डेव्हिसला घेऊन. शांत चित्रपट आहे. त्यात धार शोधू नका, दोन वृद्ध बहिणींच्या घरातल्या हालचाली बघा. १९८९मध्ये तो स्टोरीकडे परतला, 'द मार्च ऑन रशिया'साठी, नॅशनल थिएटरमध्ये. १९९४च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये तो गेला.

आता काय पाहायचं. आधी 'एव्हरी डे एक्सेप्ट ख्रिसमस'. मग 'दिस स्पोर्टिंग लाइफ'. तिसरा 'इन सेलिब्रेशन' (१९७५), आणि हा अजिबात चुकवू नका. आईवडिलांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला तीन मुलं घरी येतात, एवढंच कथानक. अॅलन बेट्स, ब्रायन कॉक्स, जेम्स बोलॅम, बिल ओवेन, सगळे रॉयल कोर्टच्या १९६९च्या प्रयोगातलेच. अँडरसनचं नाटक कसं दिसत असेल याचा अंदाज यातूनच येतो. 'ओ लकी मॅन!' त्यानंतर, आणि एका बैठकीत. आणि 'द कॉन्ट्रॅक्टर'ची संहिता कुठल्या ग्रंथालयात मिळालीच, तर पहिल्या वाचनात संवाद बाजूला ठेवून फक्त रंगसूचना वाचा.