कोयनेच्या पाण्यापलीकडच्या गावात राहायला जायचं असेल तर

तुम्ही विचारलंय की साताऱ्याजवळ पाण्याने वेढलेलं, लाँचनेच जावं लागेल असं एखादं लहान गाव आहे का, तिथे दोन दिवस राहता येईल का आणि आजूबाजूला काय पाहावं.

आहे. मी साताऱ्याची, आणि माझ्या वहिनीचं माहेर शिवसागर जलाशयाच्या, म्हणजे कोयना धरणाच्या पाण्याच्या, पलीकडच्या काठाला, कांदाटी खोऱ्याच्या बाजूला आहे. गेली बारा-पंधरा वर्षं माझं तिथे जाणंयेणं आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जेमतेम तीस उंबऱ्यांचं गाव, त्यातली निम्मी घरं मुंबईला माथाडी कामात असलेल्यांची, म्हणून कुलूपबंद. एकदम चार गाड्या भरून माणसं आली तर त्यांना झेपणार नाही. पण त्या काठाला अशी बरीच गावं आहेत. लाँच जिथून सुटतात त्या बामणोलीत किंवा तापोळ्यात उतरून लाँचवाल्यांना विचारा, राहण्याजेवणाची सोय करणारं एखादं घर तेच सांगतील.

हे अगदी बेट नव्हे. तीन बाजूंनी पाणी आणि पाठीशी सह्याद्रीचं रान. डोंगराला वळसे घालत येणारा रस्ता आहे, पण पावसाळ्यात त्याचा भरवसा धरता येत नाही. आजारी माणूस, सिमेंटची पोती, नवरी, सगळं लाँचनेच येतं-जातं.

कधी जावं, हे पाण्यावर ठरवा. कोयना धरणाची साठवण १०५ टीएमसी (अब्ज घनफूट). सप्टेंबर-ऑक्टोबरात ते भरलेलं असलं की लाँच अगदी खालच्या घराच्या परड्यापाशी लागते. फोटो तेव्हाचेच सुंदर येतात, शिवाय वाटेत कासचं पठार फुललेलं असतं. मे महिन्यात मात्र पाणी इतकं खाली जातं की लाँच तुम्हाला चिखलात सोडते आणि भेगाळलेल्या गाळातून अर्धा तास चढून गाव गाठावं लागतं. तरीही एकदाच जाणार असाल, तर मी मे महिनाच सांगेन.

कारण मे महिन्यात धरणात बुडालेलं जुनं गाव वर येतं. एका उन्हाळ्यात वहिनीची आजी मला संध्याकाळी खाली घेऊन गेली. काठीने दाखवत होती, हे देवळाचं जोतं, ही पाटलांची पडवी, हा पाणवठा. मला नुसते दगड दिसत होते. एका जोत्यावर ती चढली, पायाने गाळ सारला, मग खाली बसून हाताने खरवडायला लागली. जमिनीत पुरलेलं उखळ निघालं, काठोकाठ चिखलाने भरलेलं. तिने ओंजळीने चिखल काढला, कड पदराने पुसली आणि म्हणाली, "ह्यात मी वरी कांडायचे. लगीन होऊन आले न् चौथ्या वर्षी पाणी आलं." साठच्या दशकाच्या सुरुवातीची ती गोष्ट. भावकीतली कितीतरी घरं रायगड, ठाणे, सोलापूरकडे पुनर्वसनाला गेली. ज्यांचा पाय निघाला नाही ते डोंगर चढून वर सरकले, आणि तेच आजचं गाव. पाणी ओसरलं की जी जमीन उघडी पडते तिला गाळपेर म्हणतात. काही जण तेवढ्या दिवसांपुरती ती कसतात, म्हणजे आपल्याच जुन्या शेतात हंगामी पाहुण्यासारखे जातात.

आणि हेच पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडे जाऊन वीज करतं. सगळे टप्पे मिळून प्रकल्प १,९६० मेगावॉटचा आहे. तापोळ्याला लोक मिनी काश्मीर म्हणतात. मला ते नाव कधीच आवडलं नाही. ही जावळी आहे, शिवाजी महाराजांनी १६५६ साली चंद्रराव मोऱ्यांकडून घेतलेली जावळी. तिला दुसऱ्या कुणाचं नाव कशाला?

आजूबाजूला पाहायचं म्हणाल तर वासोटा किल्ला. बामणोलीत वन खात्याची परवानगी काढावी लागते, ओळखपत्र जवळ ठेवा. लाँचने पायथ्याच्या मेट इंदवलीला साधारण तासा-दीड तासात पोहोचता. पुढे दाट रानातली चढण आहे. हा भाग कोयना अभयारण्यात आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. गवे आहेत, अस्वलं आहेत, म्हणून मागे रेंगाळू नका. संध्याकाळच्या आत खाली यायचंच, गडावर मुक्काम करू देत नाहीत. माथ्यावरून बाबूकडा आणि समोरचा जुना वासोटा पाहिला की पाच मिनिटं कुणी बोलत नाही. पावसाळ्यात हे सगळं बंद असतं. कोयना, सोळशी आणि कांदाटीचा त्रिवेणी संगमही लाँचवाले दाखवतात. तो वाटेवर आहे म्हणून पाहा, त्यासाठी दिवस घालवू नका.

थंडीत गेलात तर सकाळी घाई करू नका. पाण्यावर धुकं इतकं उतरतं की लाँचचं टोक दिसत नाही. एकदा जानेवारीत आम्ही मधोमध अडकलो होतो. लाँचवाल्या दादांनी इंजिन बंद केलं आणि सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं. बराच वेळ नुसतं पाणी फळीला चाटत होतं. मग डावीकडून कोंबडा आरवला. "तो आपला काठ," म्हणाले, आणि वल्ह्याने लाँच हळूच तिकडे वळवली. त्या दिवसापासून लाइफ जॅकेट घातल्याशिवाय मी बसत नाही. तुम्हीही बसू नका, शेजारचे घालोत न घालोत.

साताऱ्याहून यवतेश्वर, कास, बामणोली असा रस्ता आहे, एसटीही जाते. महाबळेश्वराकडून येणार असाल तर तापोळ्याला उतरा. परतीची लाँच किती वाजता, हे जातानाच पक्कं करा, अंधार पडला की कुणी निघत नाही. रोख पैसे बरोबर ठेवा, मोबाइलला रेंज असेलच असं नाही. जेवायला नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, मिळाले तर जलाशयातले मासे. उन्हाळ्यात पिण्याचं पाणी वरच्या झऱ्यावरून डोक्यावर आणतात, समोर एवढा सागर असूनही. म्हणून अंघोळीला बादलीभर पाणी मिळालं की तेवढ्यात भागवा. प्लॅस्टिक परत घेऊन या.

आणि ज्या घरी उतरणार त्यांना निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा, "बाजारातून काय आणू?" आधी नको नको म्हणतील. पुन्हा विचारा. मागच्या खेपेला मावशींनी कुकरची रिंग, आजीच्या बीपीच्या गोळ्या आणि दोन किलो कांदे सांगितले होते.