वाचकांचे प्रश्न : वजन आलं, पण लेक अजून परतली नाही

प्रश्न : माझ्या १४ वर्षांच्या मुलीला गेल्या वर्षी अ‍ॅनोरेक्सिया (जाड होण्याच्या भीतीने खाणं तोडण्याचा मानसिक आजार) झाल्याचं निदान झालं. आठ महिने आम्ही दोघं आळीपाळीने समोर बसून तिला प्रत्येक वेळचं खायला घालतोय. महिन्यापूर्वी तिचं वजन आजाराआधी होतं तेवढं झालं. तरी ती ताटासमोर रडते, घासाचे बारीक बारीक तुकडे करत बसते, ‘मी जाडी झाले’ म्हणते. घरचे म्हणतात, आता तिच्या मनाने खाऊ दे. आम्ही कुठे चुकतोय?

उत्तर : चुकत नाही आहात, पण हात इतक्यात काढून घेऊ नका.

आधी वजनाचं बघू. ‘आजाराआधी होतं तेवढं’ हा आकडा वर्षभर जुना आहे. या वयात उंची वाढते, हाडं भरतात. वर्षभर जे वजन वाढायला हवं होतं, ते अजून बाकीच आहे. लहानपणापासूनच्या वजन-उंचीच्या जेवढ्या नोंदी सापडतील तेवढ्या बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि वाढीचा आलेख काढून घ्या. आजारी पडण्यापूर्वी ती ज्या रेषेने वाढत होती, त्या रेषेवर आज ती कुठे असायला हवी होती? लक्ष्य तिथे आहे, आणि मूल वाढतं तसं तेही दर काही महिन्यांनी पुढे सरकतं. पाळी थांबली असेल तर ती परत सुरू होणं चांगली खूण आहे, पण एकदा आली म्हणून निर्धास्त होऊ नका.

दुसरं, शरीर आधी भरतं आणि मन मागाहून येतं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. जाड होण्याची भीती त्यांच्यापैकी कुणालाच नव्हती. तरीही ते दिवसभर खाण्याचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, एकेका जेवणावर तास तास घालवू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. पुन्हा पुरेसं खायला मिळाल्यावरही त्यांना सावरायला कित्येक महिने लागले. ताटाशी तुम्हाला दिसतं त्यातलं बरंचसं उपासमारीचंच आहे. तुमच्या लेकीच्या बाबतीत आजाराची भीती त्यावर वेगळी. योग्य वजन आल्यानंतरही ही भीती ओसरायला सहा महिने, कधी वर्षही जातं. हा काळ आईवडिलांना सगळ्यात जड जातो, कारण मुलगी दिसायला बरी असते आणि बाकीच्यांचा धीर संपलेला असतो.

म्हणून पद्धत तीच ठेवा. तीन जेवणं, दोन-तीन मधली खाणी, मध्ये तीन तासांहून जास्त अंतर नाही. ताट तुम्हीच वाढायचं आणि ते वाढताना ती स्वयंपाकघरात नको, नाहीतर प्रत्येक चमच्यावर घासाघीस होते. जेवणाला साधारण ३० मिनिटं, मधल्या खाण्याला १५, आणि नंतर तासभर सोबत. त्या तासात स्नानगृहात एकटीने जाणं नाही. तिचे हात बघत राहा. तेल कागदी रुमालाने टिपून घेणं, घास बाहीत सरकवणं, ताटाच्या कडेला अन्न पसरून ते संपल्यासारखं दाखवणं, हे सगळं होतं. पकडलंत तर आरोप नको. तेवढंच पुन्हा वाढा.

बोलणं कमी आणि एकसुरी ठेवा. ‘अवघड आहे, कळतंय मला. पुढचा घास घे.’ एवढं पुरतं. कॅलरीवर वाद घालू नका, कारण तो वाद आजाराशी असतो आणि आजार थकत नाही. ‘किती छान अंग भरलं गं तुझं!’ हे तर पाहुण्यांनाही बोलू देऊ नका. तिला त्यातून ‘जाड झालीस’ एवढंच ऐकू येतं.

तुम्ही करताय त्याला कुटुंबाधारित उपचार म्हणतात. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात तो आकाराला आला. ‘तिच्या मनाने’ हा त्यातला दुसरा टप्पा आहे. वजन रेषेवर टिकलं आणि जेवणं फारशा झटापटीविना होऊ लागली, की एकच मधलं खाणं तिच्यावर सोपवा, त्यातही सगळ्यात सोपं असेल ते. दोन आठवडे बघा. वजन घसरलं तर ते खाणं परत तुमच्याकडे घ्या आणि ही शिक्षा नाही, हे तिला स्पष्ट सांगा. सगळं एकदम सोपवणं हीच सगळ्यात जास्त होणारी चूक.

प्रश्न : मुलगा १५ वर्षांचा आहे, धावपटू. तीन महिन्यांत खूप वाळला, जेमतेम खातो, रात्री दार लावून जोर-बैठका काढतो. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आहेत. नाडी ४६ भरते, पण खेळाडूंची तशीच असते म्हणतात. घरीच भरपूर खायला घालायला सुरुवात करू का?

उत्तर : थांबा, आजच्या आज डॉक्टरांकडे न्या. झपाट्याने वजन उतरलेल्या मुलाची जागेपणी ५० च्या खाली गेलेली नाडी ही खेळाडूची नाडी म्हणून सोडून द्यायची नसते. शरीर हृदयापासूनही बचत करू लागल्याची ती खूण असू शकते, आणि अशा मुलाला रुग्णालयात ठेवायचं का, हे त्यावरूनही ठरतं. रक्ताचे रिपोर्ट शेवटपर्यंत नॉर्मल राहू शकतात. ईसीजी काढायला सांगा. नाडी आणि रक्तदाब आडवं असताना आणि उभं राहिल्यावर, असे दोन्ही वेळा मोजायला सांगा.

घरी एकदम भरपूर खायला घालण्यात वेगळा धोका आहे. उपाशी शरीरात अन्न गेलं की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढलं जातं. रक्तातली पातळी कोसळली की हृदय आणि श्वास अडचणीत येतात. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. धोका पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांत जास्त असतो, म्हणून या दिवसांत ही तिन्ही पुन्हा पुन्हा तपासावी लागतात. मात्र या भीतीने त्याला उपाशीही ठेवायचं नाही. किती आणि कसं वाढवायचं ते डॉक्टर ठरवतील.

धावणं आणि खेळ पूर्ण बंद, डॉक्टर परवानगी देईपर्यंत. रात्री त्याच्या खोलीत कुणीतरी झोपा.

प्रश्न : थोडं खाल्लं की मुलगी ‘पोट फुगलं, दुखतंय’ म्हणते. कारण सांगते का?

उत्तर : बहुधा खरंच दुखत असतं. उपासमारीत जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, म्हणून चार घासांतच पोट गच्च होतं. त्यावर औषध नियमित खाणं हेच. काही आठवड्यांत फरक पडतो. तोवर कमी आकारमानात जास्त पोषण देणारे पदार्थ द्या, काही भाग पेयातून द्या, जेवणाआधी पाण्याने पोट भरू देऊ नका, जेवणानंतर गरम पाण्याची पिशवी द्या. रेचक देऊ नका. पोट दुखतंय म्हणून एक वेळचं खाणं सोडलं, तर पुढच्या वेळी ते आणखी लवकर गच्च होतं. उलटी होत असेल, पोट खूप ताठरलं असेल किंवा दुखणं वाढतच चाललं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.