जाइक्स आरव्हीएमच्या कोडमध्ये शिरताना

पहिल्याच दिवशी गार्बेज कलेक्टरला (न लागणारी मेमरी मोकळी करणाऱ्या भागाला) हात घालू नकोस. जाइक्स आरव्हीएम, म्हणजे जावा प्रोग्रॅम चालवणारं संशोधनासाठीचं व्हर्च्युअल मशीन (जेव्हीएम), आयबीएमने २००१ साली खुलं केलं. ते स्वतःच जावात लिहिलेलं आहे, म्हणून बूट इमेज (ज्यावरून ते सुरू होतं ती तयार फाइल) आधी दुसऱ्याच जेव्हीएमवर तयार होते. बिल्ड अडलं तर आधी तिथे बघ. सुरुवातीला ‘प्रोटोटाइप’ बिल्ड घे: चालतं रडतखडत, पण तयार लवकर होतं आणि असर्शन (कोडमधल्या चूक पकडणाऱ्या तपासण्या) चालू असतात. ‘प्रॉडक्शन’ बिल्ड वेगाच्या मोजमापापुरतं.

खरी मेख ‘अनइंटरप्टिबल’ मेथडची, म्हणजे जी मध्येच थांबवून गार्बेज कलेक्शन करता येत नाही तिची. तिथे नवं ऑब्जेक्ट बनवायचं नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. पण डीबगसाठी स्ट्रिंगला आकडा अधिक चिन्हाने जोडलास की नवी स्ट्रिंग बनते, म्हणजे झालंच अलोकेशन (नवी मेमरी घेणं)! ‘सिसराइट’ला (आरव्हीएमच्या स्वतःच्या छापण्याच्या मेथडला) तुकडे वेगवेगळे दे. आणि पॅच (तुझा कोडमधला बदल) छोटा पाठव, कोणी वाचेल तरी.