आरसीवरचा माणूस आधी समोर आण

तुझा मेसेज रात्री वाचला. त्या जुन्या गाडीचे केवढे फोटो पाठवलेस, टायर, डॅशबोर्ड, डिकी, म्युझिक सिस्टिमचासुद्धा क्लोजअप, आणि सगळ्यात शेवटी एका ओळीत लिहिलंस की ओनर दुबईला असतो पण टीटी फॉर्मवर सह्या करून गेलाय, डीलर उद्या रात्रीपर्यंत पंचवीस हजार टोकन मागतोय, काय करू काका? अगं बाई, हे पत्र त्या शेवटच्या ओळीवरच लिहितोय. फोटो मी परत उघडलेसुद्धा नाहीत.

सावध राहा, घाई करू नकोस, चार ठिकाणी चौकशी कर, हे तुला सांगणार नाही, तेवढी अक्कल तुला आहे. कोथरूड ते हिंजवडी रोज बसचे हाल काढून पैसे साठवलेत, ते कष्टाचे आहेत हेही मला कळतं. मी तुला एकच गोष्ट सांगणार आहे आणि ती तुला पटेपर्यंत सांगत राहणार आहे, कंटाळलीस तरी. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, ज्याचं नाव आहे तो माणूस तुझ्यासमोर बसला पाहिजे. त्याचा भाऊ नाही, मित्र नाही, ‘मीच सगळं बघतो’ म्हणणारा तर मुळीच नाही.

तू विचारशील, सह्या आहेत ना मग माणूस कशाला हवा. टीटी फॉर्म म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३०, त्यांच्यावर सही म्हणजे काय ते आधी समजून घे. २९ म्हणजे विकणाऱ्याने आरटीओला कळवायचं की मी गाडी दिली, ३० म्हणजे दोघांनी मिळून अर्ज की नाव बदला. कायद्यात विकणाऱ्याला कळवायला चौदा दिवस आहेत आणि घेणाऱ्याला तीस. पण आपल्याकडे धंदा कसा चालतो, तर मालकाकडून कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन ठेवायच्या, तारीख नाही, घेणाऱ्याचं नाव नाही, आणि मग तो सेट गाडीबरोबर हातोहात फिरतो. याला ते लोक ‘गाडी ओपन आहे’ म्हणतात आणि वर कौतुकाने सांगतात की बघा, आरसीवर अजून फर्स्ट ओनरच आहे! अरे, फर्स्ट ओनर आहे कारण मधल्या दोघातिघांनी नावावर केलीच नाही. त्यांनी गाडी कशी चालवली, कुठे ठोकली, कुणाला भाड्याने दिली, कागदावर काहीच नाही.

आणि हे विकणाऱ्यालाही महागात पडतं बरं का. २०१८ साली सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली असली तरी आरटीओच्या रेकॉर्डवर ज्याचं नाव आहे तोच मालक, अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याचीच. हे कळल्यावर कुठला शहाणा माणूस कोऱ्या सह्या देऊन दुबईला जाईल सांग. एक तर त्याला कळत नाही, नाहीतर तो तिथे नाहीचे, नाहीतर सही त्याची नाहीये. तिन्हीत तुझं भलं कशात आहे?

मी आयुष्यभर मोटर सर्व्हेयर होतो हे तुला माहितीये, पण आमचं काम नक्की काय असतं ते बाबांनी सांगितलं असेल असं वाटत नाही. ठोकलेली, जळलेली, बुडालेली गाडी बघायची आणि इन्शुरन्स कंपनीला लिहून द्यायचं की खर्च किती. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला की टोटल लॉस. ऑगस्ट २०१९ ला सांगलीत कृष्णेने आयर्विन पुलाजवळ ५७ फूट ओलांडले तेव्हा पाणी उतरल्यावर आम्ही गल्ली गल्ली फिरत होतो. सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये गाड्या तरंगून एकमेकींवर चढलेल्या. डॅशबोर्डपर्यंत पाणी गेलं की विषय संपला, वायरिंग, ईसीयू म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, एअरबॅगचं मोड्यूल, सगळं गाळात. मालकाला पैसे मिळतात, आणि ती बुडालेली गाडी सॅल्व्हेज म्हणून लिलावात जाते. लोकांना वाटतं ती भंगारात जाते. बऱ्याच जातात. बऱ्याच जात नाहीत. गाडी कायमची निकामी झाली तर आरटीओला कळवायचं, आरसी रद्द करायची, असं कायदा सांगतो, पण जिथे ते होत नाही तिथे आरसी जिवंत राहते आणि आरसी जिवंत तर गाडी जिवंत. सीट धुवायच्या, कार्पेट नवीन, डेंटिंग-पेंटिंग, पॉलिश, आणि चल पुण्याला, जिथे कुणी तिला ओळखत नाही.

पुढे एकदा एका जुन्या ओळखीच्या मुलाने मला पुण्यात गाडी बघायला नेलं. टोकन आधीच देऊन बसला होता, मला फक्त ‘छान आहे’ म्हणायला बोलावलेलं. पांढरी हॅचबॅक, आतून परफ्यूमचा घमघमाट, तिथेच माझं नाक फिरलं. ड्रायव्हरचा सीटबेल्ट धरला आणि ओढत ओढत पार शेवटपर्यंत बाहेर काढला, जिथपर्यंत तो कुणी कधी ओढत नाही. वरचा पट्टा काळा स्वच्छ, आणि शेवटची वीतभर पट्टी मातकट, तिच्यावर गाळाची एक सरळ रेघ, नखाने खरवडली तर भुकटी हाताला आली. सीटच्या रुळाचे बोल्ट गंजलेले. विकणारा म्हणे मॅट धुताना पाणी गेलं असेल. मी काही बोललो नाही, आरसी मागितली. पत्ता सांगलीचा. नाव वाचलं आणि ओळखलंच, गाळ काढता काढता मला चहा देणारे गृहस्थ होते ते. नंबर माझ्याकडे होता, तिथूनच फोन लावला. ते म्हणाले, ‘साहेब, ती गाडी तर तुम्हीच टोटल लॉस केलीत, कंपनीने क्रेनने उचलून नेली, मी कुठे कुणाला विकली?’

कळलं? सीटबेल्टवरून मला संशय आला, खात्री झाली ती मालकाशी बोलल्यावर. त्या मुलाला टोकन परत मिळालं नाही ते वेगळं. म्हणून म्हणतो, गाडी खोटं बोलायला शिकवता येते, मीटर मागे घेता येतं, लॅपटॉप लावला की लाखाचे पन्नास हजार किलोमीटर होतात, इंजिन लाइट पुसता येते, रंग मारता येतो. पण आरसीवरच्या माणसाला समोर बसवून दहा मिनिटं गप्पा मारल्यास ना तर तो काहीतरी बोलून जातोच. विचारायचं काय? गाडीबद्दल विचारूच नकोस. घर कुठे, गाडी कुठे लावता, ऑफिसला हीच नेता का, गावाला कितीदा जाता, का विकताय. रोज साताऱ्याला ये-जा करणाऱ्याच्या गाडीचं मीटर तीस हजार दाखवत असेल तर तुझं गणित चांगलं आहे, तुला मी काय सांगू.

आता तुझा तो डीलर म्हणेल मालकाला कशाला त्रास देता मॅडम, आम्ही आहोत ना. त्याला त्रास कसला ते सांगतो. मालक भेटला की मालक सांगतो मी कितीला दिली, आणि मधला मलिदा उघडा पडतो. ही त्यातल्या बऱ्या डीलरची अडचण झाली, वाईट डीलरची अडचण वेगळी असते, त्याच्याकडे मालकच नसतो. आणि हा स्वतःला डीलर म्हणवतोच आहे तर त्याला आरटीओचं ऑथरायझेशन सर्टिफिकेट दाखवायला सांग. १ एप्रिल २०२३ पासून नियम आहे, जुन्या गाड्यांच्या डीलरने नोंदणी करायची, मालकाने गाडी ताब्यात दिल्याचं ऑनलाइन कळवायचं आणि मग विकेपर्यंत जबाबदारी डीलरची. ते असेल तर बोलू. नसेल तर तो डीलर नाही, दुसऱ्याची गाडी उभी करून ठेवलेला माणूस आहे. आणि असलं तरी मी म्हणेन मालक आण. हो, तरीही. हसू नकोस.

माझ्या या हट्टामुळे माझ्या घरात काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल. सासरे गेल्यावर त्यांची गाडी मेहुण्याने मला देऊ केली, चांगली गाडी, मला माहितीची, किंमतही घरची. आरसी सासऱ्यांच्या नावावर. मेहुणा म्हणाला, बाबांनी मागेच सह्या करून ठेवल्यात, तारीख टाकली की झालं. मी म्हटलं माणूस गेला तर त्याची सही चालत नाही, फॉर्म ३१ भर, मृत्यूचा दाखला लाव, वारसांची संमती घे, आधी तुझ्या नावावर कर मग मी घेतो. त्याला वाटलं मी त्याच्यावर संशय घेतोय. बहिणी दोघी होत्या, त्यातली एक माझी बायको, कुणाची हरकत नव्हती, पण मी म्हटलं हरकत नाही तर कागदावर येऊ दे. गाडी त्याने दुसऱ्या कुणाला तरी दिली आणि तेव्हापासून आमच्याकडे गणपतीला येत नाही. बायको अजून म्हणते, घरातल्या घरात एवढं ताणायची काय गरज होती. वाईट वाटतं का? वाटतं, दर गणपतीत वाटतं. पण मी चुकलो का? मेलेल्या माणसाच्या सहीवर मागची तारीख टाकून आरटीओत कागद द्यायचा हे मी करणार नव्हतो, सासरे असोत की कुणी असोत, आणि आयुष्यभर लोकांचे क्लेम ‘आरसीवर नाव वेगळं’ म्हणून अडकताना बघितलेला माणूस स्वतःच्या दारात तशी गाडी कशी लावेल? ज्याला हे समजून घ्यायचं नाही त्याने नाही घ्यावं. असो. विषय तुझा चाललाय.

क्लेमचं आलंच आहे तर ऐक, कारण हे कुणी सांगत नाही. तू गाडी घेतलीस, नावावर व्हायची आहे, इन्शुरन्स जुन्या मालकाच्या नावावर चालू आहे, म्हणून तू निर्धास्त. थर्ड पार्टी, म्हणजे तुझ्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा, आपोआप तुझ्याकडे येते. पण तुझ्या स्वतःच्या गाडीचं नुकसान? ते आपोआप येत नाही, कोर्टाने हे नव्वदच्या दशकातच सांगून ठेवलंय. चौदा दिवसांत पॉलिसी नावावर करायला अर्ज द्यायचा असतो आणि कंपनी त्यासाठी गाडी विकल्याचे कागद मागते. तुझ्याकडे काय असणार, बिनतारखेचा सेट. मग चांदणी चौकात कुणी ठोकलं की सर्व्हेयर येणार, माझ्यासारखाच कुणीतरी म्हातारा, आरसी मागणार, नाव दुबईवाल्याचं, आणि मान हलवून लिहिणार. त्याच्यावर चिडू नकोस. त्याने दुसरं काय लिहावं?

बाकीचं भराभर सांगतो. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर नंबर टाक, पासिंगची तारीख, इन्शुरन्स, कितवा ओनर, फायनान्स आहे का ते दिसेल, नाव अर्धंमुर्धं चांदण्या टाकून दिसतं, तेवढंही जुळवून बघ. फायनान्स असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा, बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५, ‘लोन कधीच फिटलंय’ हे वाक्य चालत नाही. ई-चलन बघायला चेसिस नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात, ते माग, द्यायला टाळाटाळ केली तर चलन बघायची गरजच उरली नाही. दिल्ली पासिंगची डिझेल स्वस्तात दाखवली तर का स्वस्त आहे ते विचार, तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली, म्हणून त्या गाड्या इकडे वाहत आल्या. आणि गाडी बघायला सकाळी सकाळी जा, न सांगता अर्धा तास आधी, बॉनेटवर हात ठेव. गरम असेल तर तुझ्यासाठी कुणीतरी आधीच सुरू करून ठेवलीय, थंड इंजिनचा आवाज आणि धूर त्याला तुला दाखवायचा नाहीये.

पण हे सगळं नंतर. हे सगळं केलंस आणि मालक बघितला नाहीस तर काही केलं नाहीस असं मी समजेन.

दुबईचं काय करायचं? खरंच दुबईला असेल तर रस्ता आहे, तिथल्या भारतीय कॉन्सुलेटमधून पॉवर ऑफ अॅटर्नी साक्षांकित करून इथल्या सख्ख्या नातेवाइकाला पाठवायची, तो नातेवाईक कागद घेऊन तुझ्यासमोर बसेल. किंवा सुट्टीला येऊ दे, गाडी कुठे पळून जातेय. व्हिडिओ कॉलवर कुणीतरी टाय लावलेला दाखवतील, तो मालक आहे हे तुला कोण सांगणार? तोच डीलर. आणि पैसे द्यायचे ते आरसीवर नाव आहे त्याच्याच खात्यात, टोकनसुद्धा, एक रुपयासुद्धा, डीलरच्या गुगल पेवर नाही. हे त्याला आजच लिहून पाठव, फोनवर बोलू नकोस, फोनवर तू नरम पडतेस, लहानपणापासून बघतोय. लिही की मालकाशी भेट झाल्याशिवाय टोकन मिळणार नाही. तो म्हणेल नाशिकची पार्टी येतेय. येऊ दे. मी जेवढ्या गाड्या बघितल्या त्या सगळ्यांना एक नाशिकची पार्टी होतीच.

काय उत्तर आलं ते मला कळव, दुपारी चारनंतर फोन कर. आणि बाबांना यातलं एवढ्यात काही बोलू नकोस, ते लेकीची गाडी हातची जाईल म्हणून स्वतःच पंचवीस हजार पाठवून मोकळे होतील.