गार असताना शहाणी, तापली की मिसिंग

प्रश्न: जुनी पेट्रोल गाडी आहे, फ्युएल इंजेक्शनवाली, पण डिस्ट्रिब्युटरवालीच (एकेका प्लगला पाळीपाळीने करंट वाटणारा तो). सकाळी एका सेल्फमध्ये चालू होते, पंधरावीस मिनिटं मस्त पळते. टेंपरेचरचा काटा मधोमध आला की नाटकं सुरू, आयडलिंग वरखाली, पिकअप गायब, मिसिंग, आणि सिग्नलला कधीकधी बंदच पडते. अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही अशी परत चालू. प्लग, एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर नवीन टाकले, इंजेक्टर साफ केले. आता मेकॅनिक म्हणतो ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बदला. बदलू का?

उत्तर: नका, निदान आत्ता तरी नको. ईसीयू जातो कधीकधी, पण संशयितांच्या यादीत तो अगदी शेवटी. मला सगळ्यात आधी हवी होती ती गोष्ट तुम्ही लिहिलीच नाहीये, गाडी बंद पडते ती कशी? चावी फिरवल्यासारखी फटकन, की आधी गचके देत, खोकत? फटकन गेली तर करंटवर संशय घ्यायचा, म्हणजे कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी), डिस्ट्रिब्युटरमधलं इग्निशन मॉड्यूल (कॉइलचा करंट चालू-बंद करणारं), नाहीतर इंजिन फिरतंय हे सांगणारा क्रँकचा सेन्सर. गचके देत गेली तर बहुतेक पेट्रोल किंवा हवेचा घोळ. आरपीएम मीटर असेल तर त्याच्यावर डोळा ठेवा: गाडी गियरमध्येच आहे, चाकंच इंजिनला फिरवतायत आणि तरी काटा धाडकन शून्यावर आला, तर इंजिन फिरतंय हा सिग्नलच कुठेतरी तुटतोय, मग पेट्रोलच्या लाइनीत वेळ घालवू नका.

गरम झाल्यावरच हे का होतं, तर कॉइलच्या आत केसासारख्या तारेचे हजारो वेढे असतात, तापून तार फुगली की जुना बारीक तडा उघडतो किंवा इन्सुलेशन फुटून शेजारचे वेढे शॉर्ट होतात, आणि गार झालं की सगळं परत जागेवर. मॉड्यूलचं पण तसंच. म्हणून रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी मीटर लावून कॉइल ओके आहे म्हणण्याला माझ्या मते काडीचा अर्थ नाही. गाडी बंद पडेल त्याच मिनिटाला तपासायचं, त्यासाठी स्पार्क टेस्टर डिकीत ठेवा, साधी स्वस्त वस्तू आहे, प्लगच्या वायरला लावायची, क्लिप इंजिनच्या धातूला, आणि दुसऱ्या कुणालातरी सेल्फ मारायला सांगायचं. वायर हातात धरून बघायचा जुना शहाणपणा करू नका, तिथे वीस-तीस हजार व्होल्ट असू शकतात, आणि पेट्रोल कुठे गळत असेल तर ठिणगी पाडूच नका. टेस्टरला करंट नाही, तर अर्धं काम झालं. मग घरी, इंजिन गार असताना चालू करून हेअर ड्रायरने एकेक पार्ट शेकायचा, आधी कॉइल, मग मॉड्यूल. जो शेकल्यावर इंजिन मिसिंग करायला लागलं तोच चोर, आणि यात एकही नवीन पार्ट घ्यावा लागत नाही.

करंट चांगला असेल तर पुढचा संशय कूलंट टेंपरेचर सेन्सरवर. बऱ्याच जुन्या गाड्यांत डॅशबोर्डच्या काट्याला वेगळा सेन्सर असतो आणि ईसीयूला वेगळा, त्यामुळे काटा मधोमध आहे म्हणून ईसीयूलाही खरं कळतंय असं धरून चालू नका. हा सेन्सर गार असताना जास्त रेझिस्टन्स दाखवतो, साधारण 20 अंशांना दोन-अडीच हजार ओहम, आणि 80 अंशांना तीनेकशे, गाडीप्रमाणे थोडं इकडेतिकडे. गरम इंजिनला पण तो हजारांतच अडकलेला असेल तर ईसीयूला वाटतं इंजिन अजून थंड आहे आणि तो पेट्रोल ओततच राहतो. मग काळा धूर, पेट्रोलचा वास, अॅव्हरेज कमी, आणि नवीन टाकलेले प्लग काजळीने काळेकुट्ट. तुमचे नवीन प्लग परत काढून बघा की, रंग काय आलाय ते, अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

प्लग पांढरे निघाले तर उलटी केस, कुठूनतरी फालतू हवा घुसतेय. गार इंजिनला ईसीयू मुद्दाम जास्त पेट्रोल देतो त्यात छोटी गळती झाकली जाते, इंजिन तापलं की तो जादाचा डोस बंद होतो आणि फुटका व्हॅक्यूम पाइप उघडा पडतो. जुने रबरी पाइप वाकवून बघा, चिरा वाकवल्यावरच दिसतात.

आणि हो, एकदा गाडी गचके द्यायला लागली की पेट्रोल टाकीचं झाकण उघडून बघा. जोरात फुस्स आवाज आला आणि गाडी सुधारली तर टाकीत हवा जायचा रस्ता बंद झालाय, पंप बिचारा पेट्रोल ओढून ओढून थकतोय.

यातलं काहीच निघालं नाही तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातला गॅप. काही इंजिनांत गॅप कमी झालेला असला की तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि आयडलिंगला थरथरतं, रेस दिली की बरं वाटतं. गाडीला गॅस किट असेल तर हे आधीच तपासा. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मात्र गरम इंजिनलाच घ्यायला सांगा.

प्रश्न: माझी कार्बोरेटरवाली गाडी चालताना एकदम ठीक. पण गरम गाडी बंद करून दहा मिनिटांनी परत सेल्फ मारला की लवकर घेत नाही. चोक ओढला तर अजूनच वाईट. काय असेल?

उत्तर: चोक ओढून बिघडतं म्हणजे आत आधीच पेट्रोल जास्त झालंय. इंजिन बंद केलं की पंखा आणि पाणी थांबतं पण उष्णता वर चढत राहते, कार्बोरेटरच्या बाउलमधलं पेट्रोल उकळून खाली मॅनिफोल्डमध्ये सांडतं. चोक ओढू नका, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा (पंप करू नका, सारखं दाबलं की अजून पेट्रोल जातं) आणि सेल्फ मारा, आतलं जादा पेट्रोल हवेबरोबर निघून जाईल. नंतर कार्बोरेटरखालचा जाड, उष्णता अडवणारा पॅकिंगचा ठोकळा जागेवर आहे का ते बघा, कुणीतरी काम करताना काढून साधं पातळ पॅकिंग टाकलेलं असतं बऱ्याचदा. फ्लोटची (बाउलमध्ये पेट्रोल किती राहील ते ठरवणारा तरंगता तुकडा) लेव्हल वर आहे का तेही तपासून घ्या, आणि पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टला चिकटून जात असेल तर तो तातडीने लांब बांधा, कारण तिथे नुसता स्टार्टिंगचा त्रास नाही, आग लागायची भीती आहे.